बेळ्ळंदूरला गेलेली राणी

शनिवारी सकाळी बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या त्या अरुंद जिन्यावर पावलं इतकी जोरात वाजली, की खालच्या गॅरेजातल्या मेकॅनिकनंही मान वर करून पाहिलं.

वर चंदना जाधव कॉफी पीत बसली होती. खाजगी तपासाचं तिचं ऑफिस म्हणजे ही एक खोली. समोर बिंदुमाधवअण्णा पेपर वाचत होते. अण्णा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, चंदनाचे शेजारी. प्रत्येक तपासात ते हौसेनं बरोबर असत. गाडी त्यांची आणि तर्क तिचे, अशी वाटणी आपोआपच पडली होती.

दारात पस्तिशीची एक उंच बाई उभी होती. डोळे सुजलेले.

"मी श्रीविद्या राव. ऑपेरा गाते. काल माझा कार्यक्रम होता, आणि कुणीतरी मला मुद्दाम त्यापासून लांब नेलं."

"बसा," चंदना म्हणाली. "स्वल्प कॉफी घ्या आणि सुरुवातीपासून सांगा."

श्रीविद्या बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घराण्यातली. लहानपणी कर्नाटक संगीत शिकली, पुढे पाश्चात्त्य गाण्याकडे वळली. छावणीतल्या जुन्या सभागृहात एक लहानशी ऑपेरा कंपनी दरवर्षी एक प्रयोग बसवते. या वर्षीच्या इटालियन ऑपेरात राणीची मुख्य भूमिका तिची होती. काल, शुक्रवारी, पहिला प्रयोग होता, आणि जर्मनीतल्या एका मोठ्या ऑपेरागृहाच्या बाई गायक निवडायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या.

"दुपारी फोन आला. भारदस्त आवाजाचा माणूस होता, इंग्रजीत बोलला. पाहुण्याबाईंच्या हॉटेलातून बोलतोय म्हणाला. बाईंना प्रयोगाआधी मला भेटायचंय, हॉटेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला आहे, गाडी पाठवतोय, तिथून सगळे मिळून सभागृहावर जाऊ. वर म्हणाला, आज रियाज अजिबात करू नका, गाडीतही बोलू नका, आवाज ताजा ठेवून या."

"आणि हॉटेलात कुणीच नव्हतं."

"पाहुण्याबाई तिथं उतरल्याच नव्हत्या. शुक्रवारची संध्याकाळ, आउटर रिंग रोड. गाडी जागची हलेना. मी उतरून चालत निघाले, पुढे ऑटो पकडली. दिग्दर्शक श्रीवत्सना फोन केला, त्यांनी पडदा अर्धा तास थांबवला. मी पोचले तेव्हा दुसरा अंक चालू होता आणि माझ्या पोशाखात सुप्रीता गात होती." ती थांबली, खाकरली. "विंगेत उभी राहून ओरडायला गेले, तर आवाजच फुटला नाही. इतका राग आला होता."

"सुप्रीता कोण?"

"माझ्या जागी राखीव ठेवलेली मुलगी. पुण्याहून आलीय. पाहुण्याबाईंनी तिला जवळ घेतलं म्हणे. हे तिचंच काम आहे. मला फक्त पुरावा हवाय."

चंदना तिच्याकडे बघत राहिली. "सरी, ठीक आहे. तपास करते, पण एका अटीवर. उद्या-परवात तुम्ही घशाच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं."

"घशाला काय झालंय? परवापासून धूळ बसलीय, एवढंच. आलं घेतेय ना."

"माझी अट आहे ती," चंदना म्हणाली.

श्रीविद्या गेल्यावर अण्णा म्हणाले, "हे तर सरळ आहे. फायदा कुणाचा झाला? त्या पोरीचा."

"तिलाच विचारू या."

आधी त्यांनी गाडीचा ड्रायव्हर गाठला. बुकिंग फोनवर झालं होतं, त्याच भारदस्त आवाजात. तो नंबर आता बंद होता. ड्रायव्हर कन्नडमध्ये कुरकुरत म्हणाला, "सायबांनी फोनवरच बजावलं, एसी लावायचा नाही. एवढ्या उकाड्यात काचा उघड्या. आणि मागच्या सीटवर कोमट पाण्याचा थर्मास ठेवायला लावला."

"फसवणाऱ्यानं सरबराई बरी केली," अण्णा हसले. चंदना हसली नाही.

सुप्रीता कोरमंगलातल्या एका पीजीत राहत होती. दार उघडलं तेव्हाच तिचे डोळे भरलेले होते.

"सगळे माझ्याकडे असं बघतायत, जसं काही मीच केलंय. पण मला खरंच आयडिया नव्हती. काल पाच वाजता मी शिवाजीनगरला मैत्रिणींबरोबर मिरची भजी खात होते! प्लेटभर! गायचं असतं तेव्हा मी दिवसभर वरणभातसुद्धा जपून खाते. पहिल्या अंकात घसा इतका जळत होता, की वाटलं, आता संपलं."

"मग निभावलंत कसं?"

"तिसरा अंक सगळ्यात कठीण, पण तो ताजा होता. सकाळीच वसुमतीअक्कांनी बोलावून तो पूर्ण म्हणून घेतला होता. त्या नेहमीच माझ्यावर मेहनत घेतात."

खाली उतरताना अण्णा म्हणाले, "भजी काय, कुणीही सांगेल."

"मैत्रिणीनं पाच वाजता टाकलेला फोटो मी सकाळीच पाहिला होता. त्यात हिच्या हातात प्लेट आहे. सहा वाजता राणी व्हायचंय हे ठाऊक असलेली मुलगी मिरचीला हात लावेल, अण्णा?"

श्रीवत्स सभागृहात रंगमंचावरचे दिवे तपासत होते. प्रश्न ऐकून ते उखडले.

"मी? मला श्रीविद्याला काढायचं असतं तर सरळ काढलं असतं. कंपनी माझी आहे. पाहुण्याबाईंसमोर पडदा अर्धा तास रोखून मी माझंच हसं करून घेतलं ते कशासाठी?"

"तिचा आवाज बिघडलाय असं कधी वाटलं?"

"छे. आणि तशी बातमी असती तर मला कळायलाच हवी होती. या धंद्यात आवाज बिघडल्याची नुसती कुजबुज झाली, तरी पुढे कुणी बोलावत नाही. दुखावलेल्या गळ्यावर कोण पैसे लावणार?" ते जरा शांत झाले. "आमच्या वसुमतीअक्कांचंच बघा. कंपनीची पहिली राणी त्या. काय उंच सूर लागायचा! एका सीझननंतर आवाज बसला तो बसलाच. आता दासीची भूमिका करतात."

वसुमतीअक्का मागच्या खोलीत टोप विंचरत बसल्या होत्या. साठीच्या, शांत. त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि बोलायला तोंड उघडलं, तोच फोन वाजला.

"हां, गेटपाशी ठेवा. सर नाही हो, मॅडम. असू दे." त्यांनी फोन ठेवला. "कुरिअरवाला. बोला."

"तुम्ही दोघी रंगमंचावर जवळ असता?" चंदनानं विचारलं.

"पहिल्या अंकात मी राणीचे केस विंचरते. ती गात असते आणि मी तिच्या मानेशी. तिचा श्वासन् श्वास ऐकू येतो."

"कसं गाते ती?"

अक्कांचा हात टोपावर थांबला. "देवानं दिलेला गळा आहे तिचा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा टोप विंचरू लागल्या.

सोमवारी संध्याकाळी श्रीविद्याचा मेसेज आला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. चंदनानं तो दोनदा वाचला आणि फोन अण्णांपुढे सरकवला.

"अरे देवा," अण्णा म्हणाले. "पण याचा तपासाशी काय संबंध?"

"उद्या सगळ्यांना तालमीच्या खोलीत बोलावू या."

मंगळवारी सकाळी खोलीत चौघं जमली. श्रीविद्या गळ्याला शाल गुंडाळून, ओठ मिटून बसली होती. सुप्रीता तिच्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीत. श्रीवत्स घड्याळ बघत होते. वसुमतीअक्का खिडकीशी बसलेल्या.

चंदना उभीच राहिली.

"श्रीविद्याबाईंचं वाईट करायला कुणीतरी त्यांना बेळ्ळंदूरला पाठवलं, असं आपण धरून चाललो होतो. मला ते पहिल्याच दिवशी खटकलं. वैऱ्यानं फोन केला तर तो कशाला सांगेल, रियाज करू नका, बोलू नका? एसीनं घसा कोरडा पडतो म्हणून तो बंद कशाला ठेवेल? कोमट पाणी कशाला देईल? गाडीत पूर्ण वेळ कुणीतरी या गळ्याची काळजी घेत होतं. म्हणजे ज्याला त्या प्रयोगात नको होत्या, त्यालाच त्यांचा गळा शाबूत हवा होता."

"दोन्ही एकदम कसं?" अण्णांनी विचारलं.

"गळा आधीच दुखावलेला असेल तर. माझ्यासमोर त्या सारख्या खाकरत होत्या. विंगेत ओरडायला गेल्या तर आवाज फुटला नाही. त्यांना वाटलं राग. मला वाटलं दुखापत. डॉक्टरांनी काल तेच सांगितलं. स्वरतंतूवरची एक रक्तवाहिनी फुटली होती. शुक्रवारी त्या तीन अंक गायल्या असत्या, तर बहुधा पुन्हा कधीच गायल्या नसत्या."

सुप्रीतानं तोंडावर हात ठेवला.

"आता हे आधी कुणाला कळलं असेल? श्रीवत्स सरांना नाही, ते प्रेक्षकांच्या खुर्चीतून बघतात. सुप्रीताला नाही, ती तर भजी खात होती. तिच्या मानेशी उभं राहून श्वास ऐकणारं माणूस एकच. त्याच माणसानं शुक्रवारी सकाळी सुप्रीताकडून तिसरा अंक म्हणून घेतला, कारण प्रयोगही बुडता कामा नये. आणि फोनवर त्याच माणसाला कुरिअरवाला सर म्हणतो."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"हो," वसुमतीअक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच खोल होता, खर्जातला. "मीच केलं."

"अक्का!" श्रीवत्स ओरडले. "मला सांगायचं होतं!"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? पाहुण्याबाई येणार म्हणून तिला गायला लावलं असतंस. नाहीतर काढून टाकलं असतंस, आणि आठवड्यात सगळीकडे झालं असतं, की श्रीविद्याचा गळा गेला. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गायिकेला कुणी नावं ठेवत नाही. बेंगळुरूत तर नाहीच." त्या श्रीविद्याकडे वळल्या. "तुला दोनदा सांगितलं मी. डॉक्टरला दाखव म्हटलं. तू आलं चघळत हसलीस. माझं असंच झालं होतं, बाळ. पहिल्या सीझनच्या शेवटच्या प्रयोगाला घशात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी गात राहिले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा हा आवाज होता."

त्यांनी श्रीविद्याच्या गळ्याभोवतीच्या शालीकडे पाहिलं.

"तुझी संधी गेली, ते माझ्यामुळेच. ती काही मला परत देता येणार नाही. पोलिसात जायचं असेल तर जा. मी आजच कंपनी सोडते."

"सोडावीच लागेल," श्रीवत्स कडक आवाजात म्हणाले. "असं कुणी—"

श्रीविद्या उठली. तिनं हात आडवा धरून त्यांना थांबवलं. बोलायची बंदी होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला, रडू आलं. मग ती सरळ चालत खिडकीपाशी गेली, अक्कांच्या पायांशी खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

अण्णा चष्मा पुसत राहिले.

थोड्या वेळानं श्रीविद्यानं फोनवर काहीतरी टाइप करून श्रीवत्सांपुढे धरलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "अक्का गेल्या तर मीही परत येणार नाही. रविवारी राणी सुप्रीता. दासी अक्काच."

श्रीवत्सांनी लांब श्वास सोडला. "सरी," ते पुटपुटले. "राणीचे केस विंचरणं दुसऱ्या कुणाला जमतही नाही."

सुप्रीता आता लांबच्या खुर्चीवरून उठून त्या दोघींजवळ आली होती.

"सॉरी, अक्का," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही फक्त माझी प्रॅक्टिस घेताय."

"तुझीही घेत होतेच," अक्का म्हणाल्या.

त्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला चंदना आणि अण्णा दुसऱ्या रांगेत बसले होते. पलीकडे श्रीविद्या होती. तीन महिने गप्प राहायचं, मग उपचार, मग हळूहळू सूर लावून बघायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाहुण्याबाई जर्मनीला परत गेल्या होत्या. ते दुःख तिच्या चेहऱ्यावर होतं, लपत नव्हतं. पण पहिल्या अंकात दासी राणीच्या केसांत फणी घालू लागली, तेव्हा ती पुढे वाकली आणि अंक संपेपर्यंत तशीच राहिली.

शेवटी गायक एका ओळीत येऊन उभे राहिले. वसुमतीअक्का नेहमीप्रमाणे अगदी टोकाला, पडद्याला चिकटून.

श्रीविद्या एकटीच उठली आणि टोकाकडे बघून टाळ्या वाजवू लागली. लोकांना वाटलं, ही सुप्रीतासाठी उभी राहिलीय. तेही उठले. पण सुप्रीतानं तिच्या नजरेचा रोख पाहिला. ती ओळ सोडून टोकाला गेली, अक्कांचा हात धरून त्यांना मधोमध घेऊन आली आणि स्वतः एक पाऊल मागे सरली.

कित्येक वर्षांनी वसुमतीअक्का रंगमंचाच्या मध्यावर उभ्या होत्या. त्यांनी प्रेक्षकांना नमस्कार केला नाही. त्यांनी श्रीविद्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, गप्प राहा म्हणून. श्रीविद्या आवाज न करता हसली, आणि टाळ्या वाजवतच राहिली.