विरोधात एक सही

एल्डन हॉगनला मी पहिल्यांदा पाहिलं तेच त्याला गप्प करताना. माझं कामच ते. आमच्या राज्याच्या राजधानीत, बिस्मार्कच्या विधानभवनात मी कृषी समितीची कारकून. विधेयकावर बोलायला आलेल्या साक्षीदाराची वेळ संपली की लाल दिवा लावायचा, आणि दाराजवळच्या वहीत प्रत्येकाने सही कुठे केलीय ते बघायचं... बाजूने, विरोधात की तटस्थ. एल्डन मधमाशीपालक संघाचा लॉबीवाला, म्हणजे आमदारांकडे संघाची बाजू लावून धरणारा पगारी माणूस. माश्यांबद्दल बोलताना असा रंगला की दिवा त्याला दिसेचना.

"मिस्टर हॉगन, बसा आता."

सुनावणी संपल्यावर तो कॉफीचा पेला घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "तुमच्यासाठी. राग गेला का?"

"लॉबीवाल्याकडून आम्ही पाणीसुद्धा घेत नाही."

"मग देत नाही. खिडकीत विसरून जातो."

मग तो रोज विसरू लागला. बाहेर बर्फ, आत खिडकीत वाफाळता पेला. मी तो थंड होऊ द्यायचे आणि ओतून टाकायचे. पण खोटं कशाला बोलू, दहा वाजले की नजर खिडकीकडे वळायचीच.

"मार्ना, तुझी कुठे सही असते गं?" त्याने एकदा विचारलं. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"कुठेच नाही. कारकून तटस्थ असतो."

"घरीसुद्धा?"

मी फायलीत डोकं घातलं.

त्याचं विधेयक साधं होतं: ट्रकमधून राज्याबाहेर जाणाऱ्या मधपेट्यांतल्या माश्यांची रोगतपासणी. ट्रकवाल्यांच्या संघाने विरोध केला. आमच्याकडे कुठलंही विधेयक कपाटात कुजत नाही, मतदान होतंच. झालं आणि पडलं. पेट्या राज्याची हद्द ओलांडतात, तेव्हा तो वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा प्रश्न, असं सिनेटर म्हणाले. मग मधमाशीवाल्यांनी एल्डनलाच वॉशिंग्टनला पाठवायचं ठरवलं.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तो रिकाम्या दालनात आला. पेला खिडकीत ठेवला.

"संध्याकाळपर्यंत कळवायचंय. जाऊ?"

"मोठं काम आहे," मी म्हणाले. "विचार करून ठरव."

"तुझं मत विचारतोय."

"मी तटस्थ—"

"माहितीये." त्याने दाराजवळची वही आणली, विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'एल्डन हॉगनने वॉशिंग्टनला जावं', आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "सही नसेल तर उद्या निघतो. तक्रार नाही."

अकरा वर्षांत त्या वहीत मी कधी नाव लिहिलं नव्हतं. त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं. हे एवढंच खरं होतं. बऱ्याच वेळाने मी 'विरोधात'च्या खाली सही केली, तारखेसकट.

त्याने वाचलं. गळ्यातला लॉबीवाल्याचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "वडिलांच्या मधपेट्यांना माणूस हवाच होता," म्हणाला, आणि खिडकीतला पेला आणून माझ्या हातात दिला.

कॉफी पार गार झाली होती. मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.