आखूड मानेची जात

तळ्याच्या काठावर एक माणूस पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. कलकत्त्याच्या बेहाला भागात ओळखीच्यांकडे मंगळागौर होती, तिथून मी परतत होते. पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, याला भोवळबिवळ आली असणार. माझं बंगाली तेव्हा यथातथाच, म्हणून हिंदीत विचारलं, "भाईसाहब, क्या हुआ?"

त्याने वर न बघता स्वतःशीच म्हटलं, "आता ह्या बाईंना काय सांगायचं..."

आणि तेही मराठीत.

"जे खरं असेल ते सांगा," मी म्हणाले.

तो इतका दचकला, की हातातली बाटली निसटली. ती काढायला त्याला गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं आणि मी छत्री धरून काठावर हसत उभी राहिले. तेव्हा हसू आलं. आता वाटतं, त्या दिवशी सरळ वाटेने घरी गेले असते तर बरं झालं असतं.

त्याचं नाव दिगंबर खांबेटे. आजोबा कोकणातून कलकत्त्याला आलेले, हा इथेच जन्मलेला. मराठी बोलता बोलता अडायचा आणि बंगाली शब्दावर वेळ भागवायचा. एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा तात्पुरता संशोधक होता. आम्ही नागपूरचे, बाबांची रेल्वेच्या गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत बदली झाली म्हणून इथे आलेलो. पुढे मराठी मंडळाच्या गणपतीत मी रंगवलेलं मखर बघून तो माझ्यापाशी आला आणि कानाच्या पाळ्या लाल करून त्याने विचारलं, माझ्या प्राण्यांची चित्रं काढाल का? तुमचं चित्र काढू का, असं विचारणारे मला ठाऊक होते. हे नवीन होतं. प्रयोगशाळेत सुचित्रादी नावाच्या प्रौढ बाई दिवसभर असत, म्हणून बाबांनीही जाऊ दिलं.

त्याचे प्राणी म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे, अंगावर बारीक लव असलेले आणि अट्टल शिकारी. त्यांची घराणी लावणं हे त्याचं काम. आधी तोंड कुठे आहे ते बघायचं, असं त्याने मला शिकवलं. तोंड अगदी टोकाला असेल तर एक घराणं, कुशीवर चिरेसारखं असेल तर दुसरं, सोंडेच्या मुळाशी असेल तर तिसरं.

"आणि तोंड असून ज्यांना बोलता येत नाही, ते?" मी विचारलं.

तो चष्मा पुसायला लागला... पुसतच राहिला. "त्यांचं वर्गीकरण अजून व्हायचंय," म्हणाला.

एक जीव त्याचा फार लाडका होता. सुरईसारखं अंग, त्यातून निघणारी लांबच लांब मान, मानेच्या टोकाला इवलंसं डोकं, डोक्याभोवती लवेचा मुकुट आणि मुकुटाच्या मधोमध तोंड. त्या तोंडात विषारी काटे. भक्ष्याला नुसतं डोकं लागलं, की ते जागच्या जागी गार. याच्या लॅटिन नावात आसवं आहेत, असं त्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, रडून जीव घेणारे आमच्याही घरी आहेत. तो हसला. तो हसला की मला कागदावरची रेघ सरळ काढता येत नसे.

बेहाल्याच्या त्या तळ्यात त्याला असाच एक जीव सापडला होता, पण याची मान जेमतेम होती. आखूड मानेची ही जात जगात कुणीच नोंदवलेली नव्हती. बसच्या गर्दीतून, उकाड्यातून आणताना ते जीव फुटून जातात, म्हणून तो तळ्याकाठीच बाटलीत औषध घालून त्यांना मारून आणायचा. मी एक डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर आणि एक कागदावर ठेवून त्या मेलेल्यांची चित्रं काढायची. अंगावरच्या लवेच्या तिरक्या ओळी, मुकुट, आखूड मान... मला ती झोपेतही काढता आली असती.

एका दुपारी त्याने माझ्या चित्राखाली पेन्सिलने नव्या जातीचं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या नावात 'कालिंदी' होतं. माझं.

"शिकारी प्राण्याला माझं नाव?" मी म्हटलं.

"शिकार झालेल्याची तक्रार नसेल तर... तुम्हाला काय अडचण?"

सुचित्रादींना एकाएकी खोकला आला.

बाबांना मी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. मुलगा चांगला आहे, म्हणाले, पण तात्पुरत्या नोकरीवर मुलगी कशी द्यायची? कॉलेजात एक कायमची जागा निघाली होती आणि नव्या जातीचा निबंध पौषअखेर पाठवला तर ती दिगंबरला, असं विभागप्रमुख बोलून चुकले होते. इकडे बाबांची पुन्हा नागपूरला बदली झालेली, तिकडे एक इंजिनियर मुलगा आत्याने बघून ठेवलेला. पौष संपेपर्यंत थांबतो, एवढं बाबांनी कबूल केलं. माझं सगळं सुख त्या आखूड मानेवर टांगलेलं होतं.

पौषात त्याला खोकला-तापाने धरलं. तळ्याच्या पाण्यात हात घालायला त्याच्या आईने बंदी केली. त्याचं काम अडू नये म्हणून मीच सकाळी बेहाल्याला जाऊन बाटली भरली आणि पदराखाली धरून थंडीतून कॉलेजात नेली. औषध घालायचं मला सुचलं नाही, ते माझ्याजवळ नव्हतंही. तो जिन्याखाली चहा घेत होता. त्याला खूश करावं म्हणून एक थेंब काचेवर ठेवून मी नळीला डोळा लावला.

माझा आखूड मानेचा जीव तिथे होता. त्याच तिरक्या ओळी, तोच मुकुट. पहिल्यांदाच जिवंत. आणि मग त्याने मान बाहेर काढली. अंगाच्या दुप्पट झाली, चौपट झाली, तरी निघतच राहिली... इकडे तिकडे चाचपडत, लचकत. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. मी जिन्याकडे धावले. "अहो, लवकर या. हिची मान बघा तरी."

तो हसत आला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याची पाठ ताठ झाली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. औषधाने मरताना हे जीव मान आत ओढून घेत होते. आखूड मानेची जात कुठे नव्हतीच. तो जुनाच लांब मानेचा जीव होता.

"मी पुसून टाकते," मी म्हणाले. माझा हात काचेकडे गेला होता. "एकच थेंब आहे. कुणी पाहिलेलं नाही."

"तुम्ही पाहिलंत," तो म्हणाला. "मी पाहिलं."

मी त्याच्याशी भांडले, रडले. एवढ्याशा किड्यासाठी माझा जीव घेता का, असंही बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि दुपारी विभागप्रमुखांना जाऊन सगळं सांगितलं. जागा दुसऱ्याला मिळाली. बाबा मला म्हणाले, "आता थांबून काय करायचं, बाळ?"

निघायच्या आदल्या दिवशी मी लांब मानेचं नवं चित्र पुरं करायला गेले. सुचित्रादी काहीतरी निमित्त काढून बाहेर गेल्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

"एकदा 'थांब' म्हणा," मी म्हटलं. "मी आत्याला नकार कळवीन. बाबांना सांभाळेन. कधीपर्यंत, ते विचारणार नाही."

त्याच्या पाठच्या दोन बहिणी, आई, तात्पुरता पगार... हे सगळं मला माहीत होतंच. त्यातलं कुठलंच कारण त्याने पुढे केलं नाही.

"माझं तुमच्यावर... तुझ्यावर प्रेम आहे, कालिंदी," तो म्हणाला. "एवढी एकच गोष्ट मला खात्रीने माहीत आहे. पुढचं काहीच माहीत नाही. जे माहीत नाही, ते मी कसं सांगू?"

खोटं का होईना, एकदा म्हणायला काय हरकत होती? पण खोटं त्याच्या तोंडून निघत नव्हतं आणि मला तो त्यासाठीच आवडला होता. भांडायलाही जागा उरली नाही. मी चित्र त्याच्यापुढे ठेवलं आणि निघाले.

जिन्याच्या पहिल्या वळणावर, कठडा धरून, मी थांबले. त्याने म्हटलं नव्हतं तरी थांबले. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं मात्र वाजली नाहीत. खाली बाबा टॅक्सीत वाट बघत होते.