न धुतलेली ओढणी

गल्लीत तिला सगळे शिवणवाली म्हणत. फुप्फुसाच्या आजाराने तिला गाठलं तेव्हा लेक सात महिन्यांची होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पोरीला शिशुगृहात ठेवून ती दवाखान्यात गेली, ती चौदा महिन्यांनी परतली. जाताना तिने अंगावरची निळी ओढणी दिली होती. ‘धुऊ नका, माझ्या वासाने तिला झोप लागेल.’

“पाळण्याच्या कठड्यालाच बांधली होती,” पोरीला परत देताना शिशुगृहातली दाई म्हणाली. “गुणी आहे हो तुमची पोर. तीन आठवडे रडून जीव नकोसा केला, मग एके दिवशी गप्प झाली ती झालीच. नंतर कुणाला त्रास म्हणून नाही.”

शिवणवाली तेव्हा हसली होती. आपण काय ऐकलं, ते कळायला तिला वर्ष लागलं.

पोर खरंच रडत नसे. दारात बोट चेमटलं तरी ओठ मिटून उभी. आईकडे बघायचीसुद्धा नाही. खुर्चीच्या पाठीवर ती ओढणी असायची, तिकडे बघायची. ओढणी धुवायला घेऊ द्यायची नाही.

“लहान होती म्हणून विसरली, असं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धीर धरा.”

तिने धीर धरला. मशीनवर बसलं की डोळे भरून यायचे आणि टीप वाकडी जायची. पोरीने एकदा, फक्त एकदा, हात वर करून ‘घे’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

एका दुपारी पोर पायरीवरून घसरली.

“ये ग, घेते तुला.”

“घेतलं,” पोर म्हणाली.

“कुणी?”

पोरीने खुर्चीकडे पाहिलं. “आईनं.”

“मग मी कोण?”

पोरीने जरा विचार केला. “तू शिवतेस.”

पोर झोपल्यावर शिवणवालीने ओढणी नाकाला लावली. दोन वर्षं पाणी न लागलेल्या कापडाला कुबट वास यायला हवा होता. याला अंगाचा ताजा, उबदार वास होता, दुधाचा. तिचं दूध तर दवाखान्यातच आटलं होतं.

तिला मत्सर वाटला, स्वतःच्याच ओढणीचा. गरम पाण्यात सोडा टाकून तिने ती तीनदा चोळली, पिळली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली.

पोर उठली. खुर्ची रिकामी दिसली आणि तिने भोकाड पसरलं, सात महिन्यांच्या बाळासारखं.

शिवणवालीच्या हातून बादली सुटली. “आले ग बाई माझी, आले.” तिने गुडघ्यांवर बसून हात पसरले.

पोर हात वर करून धावत अंगणात आली.

तिच्या शेजारून पुढे गेली.

दोरीखाली उभी राहिली. वारा नव्हता. ओढणीतून पाणी ठिबकत होतं, ते थांबलं.

रडणंही थांबलं.

पोरीच्या टाचा फरशीवरून हळूच उचलल्या गेल्या, मग बोटं.

शिवणवालीने पसरलेले हात अजून खाली घेतले नव्हते.