रिकाम्या गाडीचं वजन

मिस्त्रींच्या बाकावर तीन जुने डिझेल फिल्टर होते, एक एअर फिल्टर, दोन फाटके रबरी होस, एक उघडलेला पंप आणि आत्याची एक चप्पल. चप्पल तिने रागाने भिरकावली होती. बाकी सगळं बदलून झालं होतं, तरी ट्रकचं दुखणं तसंच होतं. हळू चालवला तर काही नाही. चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की त्याचा दम जायचा.

"संध्याकाळी भंगारवाला येतोय," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या भावाने मलाच फोन केला, ताई."

"भावाला म्हणावं, आधी स्वतःची खुर्ची विक."

भाऊ म्हणजे माझे बाबा. बाईने ट्रक चालवणं त्यांना कधी पटलं नव्हतं, आणि आत्याला दुसरं काही करायचं नव्हतं.

मी भौतिकशास्त्राची. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एवढं मला येतं. डिझेलचा दाब आणि टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारे दोन गेज मी लांब नळ्या लावून केबिनमध्ये आणले. आत्याने चढावर पाय पूर्ण दाबला. वेग चाळीसवरून बारावर आला. दोन्ही दाब मात्र हवे तिथेच स्थिर राहिले. काळा धूरही नव्हता.

"इंजिन पुरी ताकद देतंय," मी म्हटलं. "गाडीच जड होतेय."

"रिकामी गाडी?" मिस्त्री हसले. "शिकून शिकून डोकं फिरलं पोरीचं."

"मग वजनकाट्यावर घ्या."

काट्याचा नियम ठरलेला: आधी ड्रायव्हर खाली. काटेवाल्याने गाडी मोजली. ६,२४० किलो. आत्या वर चढली. ६,३१०.

"सत्तर? काटा खोटा आहे तुझा," ती खिडकीतून म्हणाली. मग तिने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला आणि पाय दाबला.

६,९००. ७,५५०. ८,१२०.

मागचे टायर जमिनीलगत फुगले. स्प्रिंगचे वाकलेले पाटे भाराने सरळ झाले. मी हौद्यात डोकावले. इंजिनाच्या थरथरीने फळ्यांवरची धूळ नाचत होती. मधोमध, एक माणूस मांडी घालून बसेल एवढ्या जागेत, ती हलत नव्हती.

काटेवाला त्याच्या खोलीतून बाहेर आला नाही.

"ताई, देऊन टाका गाडी," मिस्त्री हळूच म्हणाले.

"का म्हणून? माझी आहे." आत्याने पाठीमागची लहान काच सरकवली. "ए, कोण आहेस? मागे लपून काय बसतोस? यायचं तर पुढे ये, नाहीतर उतर."

भार उतरला तसे पाटे हळूहळू पुन्हा वाकले.

"आत्या, तू खाली ये."

"आता नाही," ती म्हणाली आणि एकटीच चढाकडे निघाली.

गाडी चढली. पाय दाबलेला, आवाज मोकळा, वेग कुठेही पडला नाही. वरून वळून ती खाली आली आणि आत्याने हसत हसत काट्यावर ब्रेक मारला.

"सांग तुझ्या बापाला. भंगारवाल्याने इकडे फिरकायचं नाही."

मिस्त्रींनी तिथूनच फोन लावला आणि सौदा मोडला.

मी वजन पुन्हा बघितलं. आत्या केबिनमध्ये. ६,३१०.

ती उतरली. दार लावलं.

काट्यावरून बाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. आता ६,२४० दिसायला हवं होतं.

६,३१०.