हात हलला नव्हता

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या आजी-आजोबांची आहे आणि दोघांच्या तोंडून मी ती वेगवेगळ्या वेळी ऐकलीय. कुठे काडीचा फरक पडला नाही.

आणि आधीच सांगते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्र तर नाहीच.

जे झालं ते भर दुपारी झालं. रत्नागिरीला, मिऱ्यावर, एकोणीसशे तेहतीसच्या फाल्गुनात. निम्मी वाडी बघत उभी होती.

माझे आजोबा हरिश्चंद्र तेव्हा ऐन विशीत. मुंबईला गिरगावात एका फोटोवाल्याच्या हाताखाली शिकून गावी परतलेले. निघताना मालकाने त्यांना एक जुना घडीचा कॅमेरा दिला होता, पुढे कातडी भाता असलेला. तिपाई काही दिली नाही. म्हणजे सगळा कारभार हातात धरूनच.

त्या काळच्या फिल्मला उजेड फार लागायचा. पडवीच्या सावलीत फोटो काढायचा तर कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात हात हलला की फोटो पुसट.

आजोबांचा हात हलत नसे. मलाही त्यांनीच शिकवलं. पाय फाकवून उभं राहायचं. दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावायची. अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरून ठेवायचा. आणि बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं.

"हात म्हंजे गडगा झाला पायजे," म्हणायचे. गडगा म्हणजे आमच्याकडची जांभ्या दगडाची कुंपणाची भिंत.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तेव्हा मिऱ्यावर सखाराम तांडेलाचं राज्य होतं. स्वतःचा शिडाचा मचवा, स्वतःची वाडी, आणि हात उगारायला कारण लागत नसे. दाजी नावाचे खलाशी त्याच्याच मचव्यावर होते आणि त्याच्याच वाडीत घर बांधून राहत होते. दाजींना दोन मुली. थोरली चिमा, ती सखारामला दिलेली. धाकटी राही, ती माझी आजी.

आदल्या पावसाळ्यात चिमा गेली.

सखारामने सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला, पायरीवर डोकं आपटलं. लोकांनी माना डोलावल्या. सखारामपुढे मान डोलावायची वाडीत पद्धतच होती.

लेकीला शेवटची आंघोळ घातली ती तिच्या आईने, आवडाबाईने. डोक्यावरून पाणी ओतताना तिच्या बोटांना लागलं...

मागून कवटी ठेचलेली होती, ते ठीक. पण टाळूवरचे केस मूठभर उपटलेले होते.

पाय घसरून पडलेल्या बाईचे केस कोण उपटतं?

आवडाबाई गप्प बसली. नवरा त्याच्या मचव्यावर, घर त्याच्या जागेत. बोलून जाणार कुठे? मला अजून तिचा राग येतो. आणि तिच्या जागी मी तरी काय दिवे लावले असते, तेही कळतं.

वर्षही सरलं नाही तोच सखारामने राहीला मागणी घातली. मागणी कसली, हुकूमच तो. थोरली गेली की धाकटी द्यायची, हे तेव्हा सर्रास चालायचं. राहीला नीट ठाऊक होतं आपण कुठे चाललोय. चिमा माहेरी आली की तिच्या दंडावर काय उमटलेलं असायचं, ते तिने पाहिलं होतं.

"आये, मला हिरीत ढकल. पन त्या घरात देऊ नको."

आवडाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाकी तिच्या हातात काही नव्हतं.

साखरपुड्याला सखारामला फोटोची हौस आली. त्याचीच पडवी. खुर्चीत तो, मागे फणसाच्या लाकडाचा खांब, बाजूला राही उभी. आजोबांनी कोपरं आवळली, श्वास धरला, बोट टेकवलं.

आजोबांच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत उजेड येत नसे, म्हणून फिल्म धुवायची ती तिथेच. संध्याकाळी त्यांनी छाप काढला.

राही लख्ख आली होती. लुगड्याच्या काठाची नक्षीही दिसत होती.

खांब लख्ख. खुर्ची लख्ख.

सखारामला मात्र... तोंडच नव्हतं.

मानेच्या वर नुसता धुरकट पट्टा.

आता हे नीट समजून घ्या. हात हलला तर सगळा फोटो हलतो. त्यातला एकटा माणूस हलत नाही. तो स्वतः हलला तरच. आणि सखाराम तर मिशीला पीळ देऊन मूर्तीसारखा बसला होता.

सखारामने छाप पाहिला आणि आजोबांच्या कानाखाली आवाज काढला. "हात काय कापतंत तुजे, हिवताप भरलाय? परत काढ."

परत काढला. तीच खुर्ची, तोच खांब.

या वेळी तोंड आलं होतं.

दोनदा आलं होतं.

एक पुढे झुकलेलं. एक मागे, खांबाला टेकलेलं. मध्ये धूर. दोन्ही तोंडांचा जबडा उघडा. फोटो काढताना तर त्याने तोंड मिटलेलं होतं, आजोबांनी ते भिंगातून स्वतः पाहिलं होतं.

आणि टाळूवरचे केस... सरळ वर उभे. एका जागी गोळा झालेले.

आवडाबाई तेव्हा आजोबांकडे आली होती, राहीचा फोटो बघू म्हणून. तिने छाप हातात घेतला. मग त्या केसांवर बोट ठेवलं.

"हितंच," ती म्हणाली. "माज्या चिमीचे हितलेच उपटले व्हते."

दुसऱ्या दिवशी ती सोनाराकडे गेली आणि सवतीचा टाक करून घेतला. आता कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगते. पहिली बायको वारलेली असली की दुसरीने गळ्यात चांदीचा छोटा पत्रा घालायचा. त्यावर पहिलीची आकृती ठोकलेली असते. मेलेलीचा मान राखला की ती नवीला त्रास देत नाही, अशी समजूत. आवडाबाईने तो राहीच्या गळ्यात बांधला आणि टाकाशीच बोलली.

"चिमे, भनीला संभाळ गो."

तिकडे सखारामने दुसरा छाप बघितला. या वेळी तो ओरडला नाही. आजोबांचा उजवा हात धरून त्याने पडवीच्या कडेवर टेकवला आणि करंगळी मागे वाकवत नेली. हाड मोडेपर्यंत.

"मुद्दाम करतंस तू. हळदीच्या दिवशी परत काढायचास. पुसट आला तर बाकीची बोटं बी मोडीन."

ती करंगळी मी पाहिलीय. मरेपर्यंत वाकडी होती. लहानपणी मी ती धरून बाजारात जायची.

हळदीचा दिवस उजाडला. दोन्ही घरं एकाच वाडीत, म्हणून मांडवही एकच, सखारामच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. दुपारी हळद लावून झाली आणि त्याने आजोबांना बोलावणं धाडलं. तीच पडवी. तीच खुर्ची. पिवळाधम्मक होऊन तो बसला.

मोडलेल्या बोटाने कॅमेरा धरवेना. आजोबांनी तो समोरच्या गडग्यावर ठेवला आणि वरून वाळूची पिशवी दाबली. आता हलायचा प्रश्नच नव्हता. माणसाचा हात हलतो, जांभा हलत नाही.

राही येऊन बाजूला उभी राहिली. सखारामची नजर तिच्या गळ्याकडे गेली.

"ही मेलेली माज्या फोटोत नको."

त्याने टाक हिसकावला. दोरा राहीच्या मानेत रुतला, रक्त आलं, मग तुटला. टाक त्याने खळ्यात भिरकावला. आवडाबाई एकदम पुढे झाली, तिला दाजींनीच मागे ओढलं.

"श्वास धरा," आजोबा म्हणाले. "हलू नका."

सगळ्यांनी श्वास धरला. बघणाऱ्यांनीसुद्धा.

आणि मग... समुद्राचा आवाज थांबला.

मिऱ्यावर समुद्र दारात आहे. तो आवाज झोपेतही कानात असतो, कधी थांबत नाही. त्या दुपारी थांबला. मांडवावरचे कावळे गप्प झाले.

सखारामच्या टाळूवरचे केस हळूहळू वर उठले...

मुठीत गोळा करावेत तसे.

त्याचे डोळे वर फिरले. वर कोणी नव्हतं.

"सोड," तो म्हणाला. हलक्या आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "सोड गो."

मग डोकं पुढे आलं आणि मागे गेलं. खांबावर.

नारळ फुटल्याचा आवाज झाला, असं आजी सांगायची. तिने उभ्या आयुष्यात परत नारळ फोडला नाही. देवाला सोललेला ठेवायची.

पुन्हा पुढे. पुन्हा मागे. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांना चिकटल्यासारखे, टाचा जमिनीवर घासतायत, आणि तोंड उघडं. अगदी छापातल्यासारखं. हळदीवर रक्त उडत होतं. राहीच्या अंगावर उडत होतं. ती जागची हलली नाही. हलताच येत नव्हतं, म्हणाली.

मचव्यावरचे गडी धावले. वादळात शीड ओढणारी माणसं ती. त्यांना एक मान धरून ठेवता येईना. दाजींनी पुढे होऊन त्याचे खांदे पकडले...

आणि सोडले.

दोन पावलं मागे सरून ते हात जोडून उभे राहिले. हाताला काय लागलं, ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मग केस खाली पडले. सखारामही पडला. मागून कवटी ठेचलेली आणि टाळूवरचे मूठभर केस गायब.

समुद्र पुन्हा वाजायला लागला.

पुढे चौकशी झाली. फेफरं आलं आणि खांबावर डोकं आपटलं, असं ठरलं. लोकांनी माना डोलावल्या. सवय होतीच.

त्या गडबडीत आजोबांचं बोट कॅमेऱ्यावर कधी टेकलं, त्यांना कळलंच नाही. फिल्म धुतली तेव्हा एक फोटो निघाला. पळणारी माणसं पुसट. सखाराम म्हणजे नुसता धूर. एकटी राही लख्ख, गालावर रक्ताचे शिंतोडे.

आणि तिच्या गळ्यात... टाक होता.

जो सखारामने सगळ्यांदेखत फेकला होता, तो. खळं चाळणीने चाळलं, कोनाकोपरा झाडला. टाक कधीच सापडला नाही.

दीड वर्षाने आजोबांनी राहीशी लग्न केलं. चांगला संसार केला दोघांनी, आजोबांनी तिच्यावर कधी आवाजही चढवला नाही. तो फोटो आजीने चुलीत घातला. पण आमच्या घरात तेव्हापासून एक रीत पडली. मुलगी द्यायची तर होणाऱ्या जावयाचा एक फोटो आधी आपल्यातल्या कुणीतरी काढायचा. नीट श्वास धरून. माझ्याही नवऱ्याचा काढला होता आजोबांनी. स्वच्छ आला. माणूसही स्वच्छच निघाला, घोरणं सोडलं तर.

आता हे सगळं आज का सांगतेय?

परवा माझ्या भाचीचा, सानिकाचा साखरपुडा झाला. रत्नागिरीतच, हॉलमध्ये, दिवसाढवळ्या. मुलगा देखणा, वागायला गोड. बरीच वर्षं परदेशात नोकरीला होता, नुकताच कायमचा परत आलाय. रीत म्हणून मी मोबाइल काढला. सगळे हसले, आत्याचं खूळ म्हणून.

पाय फाकवले. कोपरं बरगड्यांना लावली. अर्धा श्वास धरला.

सानिका लख्ख आली. मागचा फुलांचा पडदा लख्ख.

त्याला तोंड नाही.

परत काढला. परत तेच. वहिनी म्हणाली, वन्सं, मोबाइल बदला आता. माझा हात हलला नव्हता. मला माझा हात माहीत आहे.

काल दुपारी फोटो मोठा करून बघत बसले होते. सानिकाच्या गळ्यात काहीतरी चकाकतंय. चांदीचं, छोटं, चपटं. फोन करून विचारलं तिला.

"आत्या, मी गळ्यात काहीच घातलं नव्हतं गं," ती म्हणाली.

मुलाचं हे पहिलंच लग्न आहे, असं सांगितलंय आम्हाला.