दाढीतला पांढरा केस

"एकच ओमेना द्या."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. ओमेना म्हणजे बोटभर चंदेरी मासळी. आमच्या किसुमूच्या किनाऱ्यावर ती डब्याच्या मापाने विकतात. एक कोण मागतं?

"मांजराचा उपास आहे वाटतं?" मी म्हटलं. शेजारच्या बायका खो खो हसल्या.

तो लाजला... पण हटला नाही. खिशातून पुठ्ठ्याची एक घडी काढली. तिच्यात मण्याएवढं भिंग होतं. मासळीचं खवलं काचपट्टीवर ठेवून म्हणाला, "उजेडाकडे धरा अन् बघा."

बघितलं, आणि माझं हसूच विरलं. खवल्यावर वर्तुळंच वर्तुळं — तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी! जन्मभर ही मासळी वाळत घातली, पण ही नक्षी कधी दिसली नव्हती.

हा ओबुया मास्तर, शाळेत नवाच आला होता. मग रोज शाळा सुटली की यायचा. कधी मीठ, कधी डासाचा पंख, कधी जलपर्णीचं मूळ घेऊन. मी भिंगात बघायची, तो माझ्या कानाशी वाकून सांगायचा. त्याच्या काळ्याभोर दाढीत एकच पांढरा केस होता.

"म्हातारे झालात, मास्तर! आता पोरगी कोण देणार?"

"उपटणार होतो. पण तू त्यावरून चिडवतेस... म्हणून ठेवलाय."

मी उगाच मासळी उलटीपालटी करू लागले. चांगली कडकडीत वाळली होती, तरी.

एके दिवशी तो म्हणाला, "अपोंडी... तुझा एक केस देशील?"

माझा हात डोक्याच्या फडक्यावर गेला. आमच्यात केस कुणाला देत नाहीत. ज्याच्या हाती केस, त्याच्या हाती माणूस. आत्या माझा गळलेला केसन् केस चुलीत टाकायची.

"भलतंच काय मागता?"

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "माहीत असून मागतोय."

मला कळलं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? पण पलीकडे आत्या बसलेली... मी म्हटलं, "सरका जरा, गिऱ्हाईक खोळंबलंय." गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

त्याने पुन्हा मागितला नाही. सत्र संपलं आणि त्याची बदली झाली, पार उत्तरेला, लोडवारला. निरोपाच्या सकाळी मी स्वतःच एक केस उपटला, कमरेच्या कापडाला गाठ मारून ठेवला. तो आला. पुठ्ठ्याची घडी माझ्या हातात दिली.

"ठेव. तुझी नजर चांगली आहे."

माझा हात गाठीवर होता. आणि मी म्हणाले काय, तर — "तिकडे पाणी उकळून प्या."

तो हसला, गाडीत चढला. मतातूवाल्याने भोंगा वाजवला आणि गाडी गेली.

दुपारी सहज भिंगाला डोळा लावला. आत काचपट्टी होती. तिच्यावर काहीतरी लांब, काचेच्या कांडीसारखं आरपार दिसणारं. दोरा नव्हे, मुळी नव्हे...

पांढरा केस. त्याचा.

मी घाईघाईने कमरेची गाठ सोडू लागले.

"काय गं ते?" आत्याने विचारलं.

"माझा केस!" मी ओरडले आणि रस्त्याकडे धावत सुटले. रस्त्यावरची धूळसुद्धा केव्हाच खाली बसली होती.