थेंब हळू ठेवून

पहिल्या भेटीत तो माझ्या स्टुलावर बसला होता. केमोच्या खोलीत ते स्टूल नर्सचं असतं. औषधाचे थेंब अगदी हळू सुरू करायचे आणि जवळ बसून बघायचं – चेहरा लाल होतोय का, खाज सुटतेय का, दम लागतोय का.

“उठा,” मी म्हटलं.

“आईजवळ बसलोय...”

“मलाही तुमच्या आईजवळच बसायचंय.”

तो उठला. ॲलर्जी होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या रात्री दिल्या, सकाळीही दिल्या, हे त्याने न विचारता दोनदा सांगितलं. आवडला मला. पण मी कामावर होते.

पुढच्या खेपेला मी दुसऱ्या खाटेकडे वळले, तोच त्याच्या आईने, मी त्यांना मावशी म्हणायचे, हाक मारली. “सिस्टर, तळहाताला खाज सुटलीय गं!”

मी औषध थांबवलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थेंब कमी करून पुन्हा सुरू केलं. “परत झालं तर हे औषध बंद करावं लागेल,” ते म्हणाले. गाठ याच औषधाने कमी होत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टर गेल्यावर मावशी पुटपुटल्या, “खाजबिज काही नव्हती. तू गेलीस की हा तोंड मिटून बसतो... म्हटलं, बोलावून घ्यावं.”

“आई!”

मी भडकलेच. “मावशी, खोटं सांगाल तर औषध जाईल. खरं लपवाल तर जीव. कळतंय?” आणि तडक डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं.

संध्याकाळी त्याने मला जिन्यात गाठलं. “आईच्या वतीने माफी मागतो. पण... एक गोष्ट ती खरी बोलली.”

“कोणती?”

“तोंड मिटून बसतो, ही.” तो घुटमळला. “बाहेर चहा घ्याल?”

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. “त्यांचं औषध संपेपर्यंत नाही. त्यांच्याकडे बघताना माझं लक्ष तुमच्यात नको.”

त्याने मान डोलावली. पुन्हा विषय काढला नाही. याचा मला थोडा रागच आला.

शेवटची बाटली संपली. खाज नाही, दम नाही. मी सुई काढली, कापूस दाबून धरला.

“आता?” त्याने हळूच विचारलं.

“आता हळू सुरू करायचं. जवळ बसून. काही खटकलं तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही.”

“आणि वेग कधी वाढवायचा?” मावशींनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

“झेपलं की,” मी म्हटलं, आणि माझं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.